खानापूर ते कन्याकुमारी: दहा जणांचे कुटुंब, झोपण्याची सोय केलेली ट्रॅव्हलर आणि दोनच चालक

खानापूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. येत्या डिसेंबरच्या शेवटी आम्ही घरचे दहा जण खानापूरहून कन्याकुमारीला जाणार आहोत आणि त्यातील गाडी चालवण्याच्या बाजूबद्दल मला अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. माझ्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर खरेदी केली. मागच्या रांगा काढून तिथे दोन रुंद बिछाने, एक छोटा ओटा, पाच किलोची गॅसची टाकी आणि शंभर लिटर पाण्याची टाकी बसवून घेतली. चालकासह दहा आसने आणि त्यांचे पट्टे तसेच ठेवले आहेत. गाडी खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची आहे. सोबत आई-वडील, आत्या, भाऊ-वहिनी, त्यांची दोन मुले, मी, माझी पत्नी आणि आमची सात वर्षांची मुलगी असे आम्ही असू.

गाडी मी आणि भाऊ आळीपाळीने चालवणार. मी बारा वर्षे लहान मोटार चालवतो, पण ही गाडी बेळगाव, जांबोटी आणि एकदा कोल्हापूर, यापलीकडे चालवलेली नाही. भावाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मात्र त्याला कंबरेचा त्रास असल्याने तो सलग बसू शकत नाही. वडिलांचा आग्रह असा आहे की पहाटे तीनला निघून दोन दिवसांत कन्याकुमारी गाठावी, कारण ते तरुणपणी यात्रेच्या बसने तसेच गेले होते.

मनात भीती बसली ती गेल्या गळीत हंगामात. कोल्हापूरहून रात्री परतत असताना संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक समोर दिसला. मागच्या ट्रॉलीला ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबली. आणि ओट्याखालचा कुकर घसरत येऊन आत्याच्या घोट्यावर आदळला. सुदैवाने हाड वाचले. तेव्हापासून मला वाटते आहे की मी ही गाडी मोटारीसारखीच चालवत आलो आहे आणि तिथेच माझे चुकते आहे.

दिवसाला किती किलोमीटर धरावेत, घाटात काय सांभाळावे, दोघांनी पाळ्या कशा लावाव्यात आणि माझा साधा हलक्या वाहनाचा परवाना चालेल का, एवढे कृपया सांगावे.

चिकोडीचे निवृत्त चालक

खानापूरकर, आपण घडलेला प्रसंग लपवला नाही, हे मला फार आवडले. मी एकतीस वर्षे प्रवासी बस चालवली आहे आणि त्या आधारावरच लिहितो.

आधी अंतराचे बोलू. बेळगाव ते बेंगळुरू सुमारे पाचशे किलोमीटर आणि तिथून कन्याकुमारी आणखी साडेसहाशेच्या वर. वडिलांच्या हिशेबाने दिवसाला जवळजवळ सहाशे किलोमीटर होतात. वडिलांची बस दोन दिवसांत पोहोचली असेल, पण तिच्यावर रोजच्या सरावाचे दोन चालक असत आणि प्रवाशांना मागे झोप मिळे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात चालकासाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा घातली होती, तसेच सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. हा कायदा घरच्या सहलीला लागू होत नव्हता, हे खरे. परंतु ज्याचे पोटच गाडी चालवण्यावर आहे त्याच्यासाठी जी मर्यादा ठरवली, तिच्यापेक्षा जास्त भार वर्षातून एकदा मोठी गाडी हातात घेणाऱ्या माणसावर टाकणे मला तरी पटत नाही.

आपल्यासाठी मी दिवसाला तीनशे किलोमीटर धरीन, एखाद्या दिवशी फार तर साडेतीनशे. सकाळी सहाला निघावे, दुपारी चार-साडेचारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. मधल्या वेळातून जेवण, चहा आणि मुलांचे थांबे वजा केले की सहा-साडेसहा तास चाक हातात राहते. पहिला मुक्काम चित्रदुर्गाच्या आसपास, दुसरा बेंगळुरू ओलांडून होसूरला, तिसरा दिंडीगूलला करावा. चौथ्या दिवशी मदुरै जवळच आहे, तेव्हा तो दिवस दर्शनाला आणि चालकांच्या झोपेला द्यावा. पाचव्या दिवशी कन्याकुमारी. बेंगळुरू शहरातून जाऊ नये. तुमकूर रस्त्यावरून नाइस रस्त्याने थेट होसूर रस्त्याला निघता येते.

घाटाबद्दल आमच्या उस्तादाने शिकवलेले एकच सूत्र सांगतो: ज्या गिअरने घाट चढाल, त्याच गिअरने तो उतरा. उतारावर गाडी इंजिनाने धरून ठेवायची आणि ब्रेक मधूनमधून, जोर लावून पण थोडा वेळच वापरायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी पाय खोल जातो पण गाडी धरत नाही. तेल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकून उतरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या काहींचे शेवटही पाहिले आहेत. आपल्याकडे निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट दिसायला साधा आहे. रस्ता रुंद असल्यामुळे वेग कधी वाढला हे कळत नाही आणि म्हणूनच तिथे इतके अपघात होतात. तमिळनाडूत धर्मपुरीहून सेलमकडे उतरताना तोप्पूरचा घाट लागतो. त्याचाही स्वभाव तोच आहे: रुंद रस्ता, लांब उतार आणि अवजड मालाच्या लॉऱ्या. तिथे उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली आणावा, मधेच आठवण होऊन नव्हे.

घाटात समोरून चढणारी गाडी आली तर वाट तिला द्यावी. तो नियमही आहे आणि त्यामागे कारणही आहे, कारण चढावर थांबलेल्या भरलेल्या गाडीला पुन्हा उचलणे सर्वांत अवघड असते.

वेगाचे म्हणाल तर चालक सोडून नऊ किंवा अधिक प्रवासी नेणाऱ्या वाहनांना केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कमाल ताशी ९० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटरची मर्यादा आहे. लहान मोटारीची मर्यादा आपल्याला लावून घेऊ नये. राज्य सरकार किंवा स्थानिक फलक याहून कमी वेग सांगत असेल तर तो पाळावा. मी स्वतः आपल्याला ७५ च्या वर जायला सांगणार नाही.

उद्यमबाग गॅरेजवाला

काकांनी चालवण्याचे सांगितले, मी गाडीचे सांगतो, कारण आत्याबाईंच्या घोट्याला लागले त्याचे अर्धे कारण गाडीत आहे.

आपण मागच्या रांगा काढल्या आणि त्या जागी बिछाने, ओटा, पाणी आणि गॅस आणले. म्हणजे वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांच्याही मागे गेला. असे झाले की गाडीचे तोंड हलके होते, सुकाणू सैल वाटू लागते, आणि शेजारून एखादी व्होल्वो वेगाने गेली की शेपूट हेलकावते. त्यात छतावर कॅरियर बांधून बॅगा लादल्या तर वळणावर गाडी आणखी झुकते. माझा आग्रह आहे की निघण्यापूर्वी पूर्ण भरलेली गाडी, दहाही माणसांसकट, एकदा वजनकाट्यावर न्यावी. आपल्या भागात ऊस तोलण्याच्या निमित्ताने काटे जागोजागी आहेत. आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवून वजन घ्यावे, मग सबंध गाडीचे. एकूण वजनातून पुढचे वजा केले की मागच्या आसाचे वजन मिळते. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे कमाल वजन लिहिलेले असते, त्याच्याशी हे ताडून पाहावे. बहुतेक लोक हिशेब करतात तो फक्त माणसांचा. दहा माणसांचे साडेपाचशे-सहाशे किलो, पाण्याचे शंभर, बॅगांचे दीडशे, भांडी, धान्य, गाद्या, स्टेपनी आणि अवजारे असे करता करता आकडा कुठे पोहोचतो ते काट्यावरच कळते.

पाण्याची टाकी पूर्ण भरावी किंवा रिकामी ठेवावी. अर्धी भरलेली टाकी वाईट, कारण वळताना आणि ब्रेक लावताना पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला धक्का देते. मी तर म्हणेन की रस्त्याने वीस लिटरचे दोन कॅनच न्यावेत, मोठी टाकी मुक्कामाच्या शेवटच्या टप्प्यात भरावी. जड सामान तळाला, दोन्ही आसांच्या मध्ये बसेल असे ठेवावे; कुकर, तवा, पाटा-वरवंटा असले काहीही कडीच्या कपाटात किंवा पट्ट्याने बांधलेल्या पेटीत जावे.

टायरचा वरचा खाचांचा भाग चांगला दिसतो म्हणून समाधान मानू नये. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. आपली गाडी जुनी आहे आणि वर्षातून थोडीच फिरते, तेव्हा खाचा शाबूत पण रबर कडक झालेले, असे होण्याची शक्यता जास्त. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर भार घेऊन ८० च्या वेगाने धावला की आतून तापतो, आणि दुपारच्या उन्हात फुटणारे टायर बहुधा असेच असतात. ब्रेक ऑइल किती वर्षांत बदलले नाही, तेही विचारून घ्यावे. जुने ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि घाटात तापल्यावर त्यात वाफ धरते. मग काका म्हणतात तसा पाय खोल जातो.

गॅसबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगतो. गाडी चालू असताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद हवा आणि टाकी उभी, घट्ट बांधलेली हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो आणि खिडक्या उघड्या असूनही वास उशिरा येतो. रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून कुणीही आत झोपू नये.

परवान्याचे म्हणाल तर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहनसुद्धा चालवू शकतो. आपली गाडी खासगी आणि या वजनाच्या बरीच आत आहे, तेव्हा आपला परवाना पुरेसा आहे. मला काळजी वाटते ती दुसरीच. आसने काढून आतली रचना बदलली, त्याची नोंद प्रमाणपत्रावर करून घेतली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल परवानगीशिवाय करण्यास मनाई आहे, आणि नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. हे काम निघण्यापूर्वी करून घ्यावे.

शहापूरची गृहिणी

मी गाडी चालवत नाही, पण गेल्या वर्षी आम्ही बारा जण अशाच गाडीतून हंपी, श्रीशैलम आणि तिरुपती करून आलो आणि सगळा प्रवास मी चालकाच्या शेजारच्या आसनावर बसून केला. त्या आसनाचे काम किती मोठे असते हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या यजमानांना पहिल्या दिवशी जो थकवा आला तो रस्त्याने आला नाही, गाडीतल्या आवाजाने आला. मागून कुणी विचारते किती राहिले, कुणी म्हणते एसी कमी करा, मुले भांडतात, सासूबाई म्हणतात पुढच्या देवळाशी थांबू, मामंजी म्हणतात थांबू नका. प्रत्येक जण ते बोलणे चालकाला उद्देशून करत होता आणि यजमान प्रत्येकाला उत्तर देत होते. धारवाडच्या बायपासला एका डायव्हर्जनवर वळण चुकले, ते असेच कुणाला तरी उत्तर देताना. त्या रात्री आम्ही ठरवले की चालकाशी बोलायचे फक्त शेजारच्या माणसाने, बाकी सर्वांनी जे हवे ते मला सांगायचे. दुसऱ्या दिवसापासून गाडीत शांतता आली असे नाही, पण ती बडबड स्टिअरिंगपर्यंत पोहोचली नाही.

शेजारच्या माणसाने नकाशा पाहावा, पुढचे वळण एक-दोन किलोमीटर आधी सांगावे, टोल जवळ आला की फास्टॅगची शिल्लक बघून ठेवावी, डाव्या आरशात लक्ष ठेवावे आणि चालकाचा फोन स्वतःकडे घ्यावा. शिवाय त्याने झोपू नये. जेवणानंतर शेजारचा माणूस पेंगू लागला की चालकालाही पेंग येते. आपण आणि आपले बंधू दोघेच चालक आहात, तेव्हा विश्रांतीची पाळी असणाऱ्याने शेजारी न बसता मागे जाऊन पट्टा लावून डोळे मिटावेत. शेजारी वहिनींपैकी कुणी बसावे. भावाची कंबर लक्षात घेता पाळी दीड तासाची ठेवली तर दोघांनाही सोसेल.

मुलांना घाटात गाडी लागते, त्यात मागच्या बाकावरची मुले अधिक. त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, खिडकीतून लांब बघायला सांगावे, हातात मोबाईल देऊ नये आणि घाटाच्या आधी तासभर पोटभर खाऊ घालू नये. आले-लिंबू आम्हाला उपयोगी पडले. गाडी लागलेल्या मुलाला तसेच पुढे नेऊ नये; थांबण्याची पाच मिनिटे वाचवायला गेल्यास पुढचा अर्धा तास सगळे कुटुंब मागे वळून बघत बसते आणि चालकही आरशात तेच बघतो.

आपल्या आत्यांना आणि आई-वडिलांना दर दोन तासांनी खाली उतरवून चार पावले चालवावे, नाहीतर संध्याकाळी पाय सुजतात. कुणाला मधुमेह असेल तर जेवणाची वेळ गाडीच्या वेळेवर ठेवू नये. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते, दादा: बिछाने कितीही छान झाले असले तरी चालत्या गाडीत त्यावर कुणी झोपू नये, मुलांनी तर नाहीच. आपल्या आत्यांकडे कुकर आला. तेवढाच ब्रेक लागताना बिछान्यावरचे मूल कुठे गेले असते, याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही.

निपाणीचा पहाटप्रवासी

बाकी सर्व सल्ल्याशी मी सहमत आहे, पण पहाटे तीनऐवजी सकाळी सहाला निघण्याचा आग्रह का? मी गेली पंधरा वर्षे निपाणीहून पहाटे तीनला निघतो आणि सातपर्यंत हुबळी ओलांडतो. रस्ता मोकळा असतो, उन्हाचा त्रास नाही, मुले झोपेत असतात, आणि दिवसाचे निम्मे अंतर न्याहारीपूर्वी कापले जाते. खानापूरकरांच्या वडिलांचे म्हणणे एवढे चुकीचे आहे असे मला वाटत नाही.

चिकोडीचे निवृत्त चालक

निपाणीकर, आपला पंधरा वर्षांचा अनुभव मी नाकारत नाही, पण आपण एकटे किंवा लहान मोटारीने जात असाल आणि आदल्या दिवशी लवकर झोपत असाल, असा माझा अंदाज आहे. कुटुंबाच्या सहलीच्या आदल्या रात्री घरात कोण झोपते? बॅगा, दशम्या, चिवडा, गॅसची टाकी, शेजाऱ्यांकडे किल्ली, हे सगळे आवरता बारा वाजतात आणि ज्याला गाडी चालवायची तोच सामान चढवत असतो. म्हणजे तीनला निघणारा चालक दोन तासांच्या झोपेवर बसतो. त्यात रात्री दोन ते पाच ही वेळ अशी आहे की आपल्या शरीराला, भरपूर झोप झालेली असली तरी, झोपच हवी असते. रात्रपाळीत मी हे हजार वेळा अनुभवले आहे. डोळे उघडे असतात, रस्ता दिसतो, आणि तरी मधले चार सेकंद कुठे गेले ते सांगता येत नाही. ताशी ऐंशीच्या वेगात त्या चार सेकंदांत गाडी जवळजवळ नव्वद मीटर जाते.

शिवाय रस्ता मोकळा असतो, हे आपल्या भागात हंगामाच्या दिवसांत खरे नसते. डिसेंबरमध्ये पहाटे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कारखान्याच्या वाटेवर असतात, बंद पडलेल्या ट्रॉल्या कडेला दगड लावून उभ्या असतात, आणि नदीकाठी धुके असते. खानापूरकरांना जो ट्रॅक्टर रात्री दिसला तोच पहाटे चारलाही तिथेच असतो. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असली की गाड्यांची आणि पायी चालणाऱ्या भाविकांची त्यात भर पडते.

हुबळी-धारवाड बायपासचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या महिलांच्या मिनीबसची आणि टिप्परची इटिगट्टीजवळ टक्कर झाली आणि दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. दोन्ही बाजूंना चौपदरी महामार्ग आणि मधला तीसेक किलोमीटरचा तुकडा अनेक वर्षे दुपदरी, अशी ती जागा होती. चौपदरीच्या वेगाची सवय झालेला पाय तिथे आपोआप हलका होत नाही. आता रुंदीकरणामुळे तिथे डायव्हर्जन येतात, तेही अंधारात ओळखू येत नाहीत. म्हणून मी म्हणतो की तो टप्पा उजेडात, सकाळी आठच्या सुमारास ओलांडावा. म्हणजे खानापूरहून सहाला निघणे बरोबर जुळते.

झोप येऊ लागली तर खिडकी उघडणे, गाणी लावणे, तोंड धुणे यांनी पाच-दहा मिनिटे निभतात, जास्त नाही. गाडी सुरक्षित जागी घेऊन वीस मिनिटे झोपावे. चहा-कॉफी प्यायची असेल तर ती झोपण्यापूर्वी प्यावी, कारण तिचा परिणाम सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो.

निपाणीचा पहाटप्रवासी

काका, आपला अंदाज खरा आहे. मी एकटाच जातो आणि आदल्या दिवशी आठला झोपतो. कुटुंबाला घेऊन तीनला निघालो होतो ते एकदाच, आणि तेव्हा हावेरीजवळ पत्नीने मला हाक मारून जागे केले होते. ते मी इथे लिहायला हवे होते.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण आपण सांगितलेले करून पाहिले.

रविवारी सगळे सामान आणि दहाही माणसे घेऊन गाडी काट्यावर नेली. एकूण वजन प्रमाणपत्रावरील मर्यादेपेक्षा थोडे कमी भरले, पण पुढच्या आसावर अपेक्षेपेक्षा फारच कमी आणि मागे जास्त होते. छतावरचे कॅरियर काढले, मोठी टाकी रिकामी केली, धान्याची पेटी आणि पाण्याचे कॅन दुसऱ्या रांगेच्या खाली आणले. त्यानंतर बेळगावहून वंटमुरी आणि तवंदी घाट करून निपाणीपर्यंत गेलो आणि परत आलो. पहिल्यांदाच तवंदी तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण ब्रेकला दोनदाच पाय लावावा लागला. सुकाणूतला फरक मला स्पष्ट जाणवला. मागचे दोन टायर सात वर्षांचे निघाले, ते बदलतो आहोत. आतल्या बदलांच्या नोंदीसाठी अर्जही दिला आहे.

वडिलांना काकांचा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मदुरैला एक दिवस जास्त मिळणार असेल तर मीनाक्षीचे दर्शन दोनदा घेता येईल. पाच दिवसांचा बेत त्यांनी मान्य केला आहे.

आता दोनच शंका. एक म्हणजे रिव्हर्स घेणे मला अजून जमत नाही; परवा वळवताना मागचा डावा कोपरा कुंपणाच्या दगडाला घासला. दुसरे म्हणजे परतीला केरळमार्गे किनाऱ्याने यावे असे वहिनीचे म्हणणे आहे. ते जमेल का?

उद्यमबाग गॅरेजवाला

दगडाला कोपरा घासला त्याचे कारण मागच्या चाकांच्या मागे असलेला लांब भाग. गाडी उजवीकडे वळवली की तो भाग डावीकडे बाहेर फेकला जातो, आणि त्याच वेळी उजवीकडचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जाते. म्हणजे एका वळणात दोन कोपरे सांभाळायचे असतात, आणि मोटारीत यांतला एकही जाणवत नाही. मोकळ्या मैदानात चार रिकाम्या बादल्या ठेवून तासभर सराव करावा. रिव्हर्स घेताना एकाच माणसाने खाली उतरून, आपल्याला डाव्या किंवा उजव्या आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी थांबवायची, हा नियम घालून घ्यावा. चौघे एकदम ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडू लागले तर कुणाचेही ऐकू नये. गाडीची उंची एसीच्या डब्यासकट मोजून स्टिअरिंगसमोर चिठ्ठीवर लिहून ठेवावी. रेल्वेच्या पुलाखालच्या वाटेवर किंवा हॉटेलच्या कमानीशी ती आठवत बसायला वेळ नसतो.

चिकोडीचे निवृत्त चालक

किनाऱ्याचा मार्ग सुंदर आहे, पण परतीला मी तो सुचवणार नाही. कन्याकुमारीहून मंगळुरूपर्यंत सातशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि केरळात एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले ते कळत नाही, इतकी सलग वस्ती आहे. त्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाची कामे. तिथे दिवसाचे तीनशे किलोमीटर होणार नाहीत, दोनशे धरावेत. मंगळुरूच्या पुढे उत्तर कन्नडचा किनारा लागतो. अंकोल्याजवळ शिरूर येथे जुलै २०२४ मध्ये याच महामार्गावर दरड कोसळली होती, तेव्हा पावसाळ्यात तर तो विचारच नको. अंकोल्याहून यल्लापूर-हुबळीकडे येताना अरबैल घाट चढावा लागतो. तो चढ असल्यामुळे ब्रेकपेक्षा इंजिनाच्या तापमानाचा काटा बघत यावे.

सुट्टी तीन दिवसांनी वाढवता येत असेल तर वहिनींचे ऐकावे. येत नसेल तर आलेल्या वाटेनेच परतावे, कारण ती ओळखीची झालेली असते. फक्त एक लक्षात ठेवावे: परतीच्या शेवटच्या दिवशी हुबळी आली की घर जवळ वाटते आणि माणूस जेवण टाळून, अंधार पडला तरी चालवत राहतो. त्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले आणि आपण धारवाडच्या अलीकडे असाल, तर हुबळीतच मुक्काम करावा आणि सकाळी खानापूरला यावे.

खानापूरकर

सुट्टी वाढत नाही, म्हणून आलेल्या वाटेनेच परततो. हुबळीत माझी मावशी राहते. तिला आजच फोन करून शेवटच्या रात्रीचे सांगून ठेवले आहे. बादल्यांचा सराव उद्यापासून शाळेच्या मैदानावर सुरू करतो, भाऊ आरशात उभा राहणार आहे.